हाडांत शिरणारी बुरशी आणि मधुमेह

बुरशी म्हटली की कोंदट वखारीतील नासलेले धान्य आपल्या डोळ्यांपुढे येते. परंतु बुरशी मनुष्याच्या हाडाचाही नाश करू शकते, हे इंदूरकरांना इ. स. २०२१ च्या उन्हाळ्यात पाहावे लागले. कोविडच्या दुसऱ्या लाटेतून वाचलेले शेकडो रुग्ण म्यूकरमायकोसिस ह्या विकाराने येथील महाराजा यशवंतराव रुग्णालयात दाखल झाले. पाल्टाउफ ह्या वैद्याने इ. स. १८८५ मध्येच वर्णिलेला हा रोग तेव्हा घरोघरी चर्चेचा विषय झाला.

ह्या बुरशीचे बीजकण हवेत व मातीत सर्वत्र असतात. निरोगी देह त्यांना सहज परतवितो. रक्तातील साखर अनावर झाली की रक्षक पेशी दुबळ्या होतात. स्टेरॉइड औषधांनी साखर वाढते आणि प्रतिकारशक्तीही मंदावते. मग नाकावाटे शिरलेली बुरशी रक्तवाहिन्या बंद पाडते व रक्ताअभावी वरच्या जबड्याचे हाड मरते. पुढे डोळा व मेंदूही धोक्यात येतात. ‘काळी बुरशी’ हे नाव काळवंडलेल्या मृत भागामुळे पडले. बुरशी स्वतः काळी नसते.

मेलेल्या हाडात रक्त नाही, म्हणून औषधही पोचत नाही. ते हाड शस्त्रक्रियेने काढावे लागते आणि अ‍ॅम्फोटेरिसिन-बी हे औषध शिरेतून द्यावे लागते. त्याचा मूत्रपिंडांवर ताण पडतो. म्हणून ते रुग्णालयातच घ्यावयाचे असते. जबडा गमावलेल्यास कृत्रिम टाळू बसवून पुन्हा जेवता-बोलता येते.

व्यापारी बंधुभगिनींनो, आपला धंदा बैठा, जेवण अवेळी, आणि रात्री सराफ्यातील जिलबीचा मोह! रोज गल्ला मोजल्याविना दुकान बंद न करणारे आपण साखर मात्र वर्षानुवर्षे तपासत नाही. मधुमेही व्यक्तीच्या चेहऱ्याची एक बाजू दुखली वा बधिर झाली, नाकातून काळसर स्राव आला, वरचे दात हलू लागले, टाळूवर काळा डाग दिसला किंवा एकाच्या दोन वस्तू दिसू लागल्या, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे. दातदुखी समजून घरगुती उपचारांत दिवस दवडू नयेत. स्टेरॉइड डॉक्टरांच्या सांगण्यावाचून घेऊ नये, वा आपल्या मनाने थांबवूही नये.

हा रोग एकापासून दुसऱ्यास लागत नाही. तेव्हा रुग्णास दूर न लोटता त्याची शुश्रूषा निर्भयपणे करावी.