भाग ९ : मेसचं कार्ड लिहूया

गेल्या आठवड्यापर्यंत आपल्या हाताशी लिस्ट आली, डिक्शनरी आली, फंक्शनही आलं. एवढ्या सामग्रीवर बरंच काही उभं राहतं. क्लास न शिकता पायथनमध्ये सुखाने काम करणारे पुष्कळ आहेत, आणि त्यात कमीपणा काहीच नाही. मग क्लास हवाच कशाला? याला पाठ्यपुस्तकांचं ठरलेलं उत्तर असतं: कुत्रा हा क्लास, मोती हा ऑब्जेक्ट, भुंकणं ही मेथड. मला हे उदाहरण कधी पटलं नाही. मोती भुंकला काय नि न भुंकला काय, प्रोग्रॅममध्ये कोणाचं काही बिघडत नाही. आणि बिघडण्यासारखं काही नसेल तर क्लासची गरजही कळत नाही. म्हणून आज आपण मेसचं कार्ड घेऊ.

पुण्यात शिकायला राहिलेल्यांना हे नियम सांगायला नकोत, पण प्रोग्रॅमला सांगावे लागतात. महिन्याचे पैसे आगाऊ भरायचे, कार्डावर ६० ताटं. जेवणाची वेळ झाली की ताट कापलं जातं. तुम्ही मेसमध्ये जेवा की बाहेर मिसळ खा. आधी सांगून खाडा टाकला असेल तरच ते ताट वाचतं. पाहुणा आणला तर त्याचंही ताट तुमच्याच कार्डातून जातं. शिल्लक शून्याच्या खाली जात नाही, कारण मेसच्या काकू उधारी ठेवत नाहीत.

आधी हे क्लासशिवाय करून बघू.

नावे = ["समीर", "आरती", "योगेश"]
शिल्लक = [६०, ६०, ६०]

पहिलं नाव समीरचं, पहिली शिल्लकही समीरची. महिनाभर हे ठीक चालतं. मग समीर मेस सोडतो. तुम्ही नावांच्या लिस्टमधून त्याला काढता आणि शिल्लकीच्या लिस्टमधून काढायचं विसरता. आता पहिलं नाव आरतीचं आणि पहिला आकडा समीरचा. आरतीच्या नावावर समीरची शिल्लक, योगेशच्या नावावर आरतीची. पायथन एका शब्दाने तक्रार करत नाही. त्याच्या लेखी दोन्ही लिस्ट धडधाकट आहेत. त्या दोघींचं एकमेकींशी नातं आहे, हे फक्त तुमच्या डोक्यात होतं.

डिक्शनरी वापरली तर ही घसरण थांबते, मान्य. पण दुसरा घोटाळा राहतोच. आरतीच्या शिल्लकीतून एक वजा करणारी ओळ कोणीही, कुठल्याही फाइलमध्ये लिहू शकतं. रोजची ताटं कापणाऱ्या ओळीत तुम्ही शून्याची तपासणी केलीत. पाहुण्यांचा भाग मित्राने दुसऱ्या फाइलमध्ये लिहिला आणि तो ती विसरला. महिनाअखेर कार्डावर उणे दोन दिसतात. चूक शोधायची कुठे? जिथे जिथे शिल्लक हा शब्द आला आहे, तिथे सगळीकडे.

क्लास लिहायचा तो यासाठी. आकडा आणि त्या आकड्याला हात लावण्याचे नियम एकाच ठिकाणी ठेवायचे.

क्लास मेसकार्ड:
    डेफ __इनिट__(सेल्फ, नाव, ताटं):
        सेल्फ.नाव = नाव
        सेल्फ.शिल्लक = ताटं
        सेल्फ.खाडे = []

    डेफ खाडा(सेल्फ, तारीख):
        सेल्फ.खाडे.अपेंड(तारीख)

    डेफ कापा(सेल्फ, तारीख, पाहुणे=०):
        इफ तारीख इन सेल्फ.खाडे:
            रिटर्न
        लागणारी = १ + पाहुणे
        इफ लागणारी > सेल्फ.शिल्लक:
            रेज व्हॅल्यूएरर("ताटं संपली")
        सेल्फ.शिल्लक = सेल्फ.शिल्लक - लागणारी

नेहमीची सूचना: कोड इथे देवनागरीत छापला आहे. टाइप करताना क्लास, डेफ, इफ, इन, रिटर्न, रेज, व्हॅल्यूएरर, इनिट आणि अपेंड हे पायथनचे स्वतःचे शब्द रोमन लिपीत लिहा, आकडेही इंग्रजी घ्या. मेसकार्ड, शिल्लक, खाडे ही तुमची नावं मात्र देवनागरीत ठेवली तरी पायथन ३ खुशाल स्वीकारतो. करून बघाच, मजा येते.

हा क्लास चालवला तर पडद्यावर काहीच दिसत नाही. बरोबरच आहे. कार्ड कसं असतं ते आपण सांगितलं. एकही कार्ड अजून फाडलेलं नाही. ते असं फाडायचं:

आरती = मेसकार्ड("आरती", ६०)
योगेश = मेसकार्ड("योगेश", ६०)
आरती.कापा("५ जून", २)

पहिल्या दोन ओळींत दोन ऑब्जेक्ट तयार झाले. प्रत्येक वेळी पायथनने नवं कोरं कार्ड घेतलं आणि इनिट या मेथडकडे भरायला दिलं. तिसऱ्या ओळीनंतर आरतीची शिल्लक ५७ होते आणि योगेशची ६० च राहते. मेथड क्लासमध्ये एकदाच लिहिली. आकडे ज्याचे त्याच्याजवळ.

आता सेल्फ. नवशिक्यांची गाडी हमखास अडते ती इथे, म्हणून जरा थांबू. कापा ही मेथड तीन गोष्टी मागते: सेल्फ, तारीख, पाहुणे. आपण तर दोनच दिल्या. तिसरी कुठून आली? टिंबाच्या डावीकडून. आरती.कापा("५ जून", २) असं लिहिलं की पायथन ते मेसकार्ड.कापा(आरती, "५ जून", २) असं वाचतो. ही दुसरी ओळ तुम्ही स्वतः लिहिलीत तरी चालते, उत्तर तेच येतं. म्हणजे सेल्फ म्हणजे आत्ता ज्या कार्डाबद्दल बोलणं चाललंय ते कार्ड. योगेशसाठी हाक मारली की तीच मेथड योगेशचं कार्ड हातात घेते.

एवढं कळलं की एका कुप्रसिद्ध एररचा उलगडा होतो. समजा तुम्ही कार्डाला आणखी एक मेथड दिलीत, दाखवा, आणि तिच्या कंसात सेल्फ लिहायला विसरलात. मग आरती.दाखवा() म्हटलं की पायथन कुरकुरतो: ही मेथड शून्य आर्ग्युमेंट घेते, तुम्ही एक दिलंत. माणूस चक्रावतो. कंस तर रिकामा आहे, एक दिलं कधी? दिलं ना, आरतीचं कार्ड. ते गुपचूप पहिलं जाऊन बसलं आणि मेथडने त्याच्यासाठी जागाच ठेवली नव्हती. जाता जाता, सेल्फ हा पायथनचा राखीव शब्द नाही, नुसता रिवाज आहे. तिथे हे_कार्ड असं नाव ठेवलंत तरी काम होईल. पण रिवाज मोडू नका. तुमचा कोड उद्या दुसरं कोणी वाचणार असतं.

दुसरा खड्डा खाड्यांचा. खाडे = [] ही ओळ इनिटमध्ये न लिहिता थेट क्लासच्या नावाखाली लिहिली, तर एकच लिस्ट तयार होते आणि ती सगळ्या कार्डांत सामाईक राहते. आरतीने गावी जाताना खाडा टाकला की योगेशचंही ताट कापलं जात नाही. योगेश तक्रार करणार नाही, काकू करतील. प्रत्येक कार्डाची स्वतःची अशी जी गोष्ट, ती इनिटमध्ये सेल्फला जोडूनच तयार करायची.

हे सगळं पहिल्यांदा सुचलं ते ऑस्लोमध्ये. ओले-योहान दाल आणि क्रिस्टेन न्यूगोर हे दोघे नॉर्वेजियन कॉम्प्युटिंग सेंटरमध्ये सिम्युलेशनसाठी भाषा बनवत होते. रांगा, गाड्या, यंत्रं यांच्या हालचाली संगणकावर हुबेहूब चालवून बघायच्या, हा त्यांचा धंदा. टोलनाक्यावर येणारे ट्रक आणि बस यांसारख्या उदाहरणांवर विचार करताना त्यांना दिसलं की प्रत्येक वाहनाची स्वतःची माहिती आणि स्वतःचं वागणं एकत्र बांधलं तर प्रोग्रॅम आवाक्यात राहतो. सिम्युला ६७ या त्यांच्या भाषेत क्लास आणि ऑब्जेक्ट दोन्ही होते. बियार्ने स्ट्रॉउस्ट्रुप यांनी केंब्रिजमध्ये पीएचडी करताना सिम्युला वापरली होती. १९७९ मध्ये बेल लॅब्समध्ये त्यांनी सी भाषेला क्लास जोडायला घेतले आणि त्यातून सी प्लस प्लस आली. दाल आणि न्यूगोर यांना २००१ चा ट्युरिंग पुरस्कार मिळाला, आणि २००२ मध्ये दोघेही काही आठवड्यांच्या अंतराने गेले.

झेरॉक्सच्या पार्क प्रयोगशाळेत स्मॉलटॉक घडवणारे ॲलन के यांनी भर दिला तो वेगळ्या गोष्टीवर: ऑब्जेक्टनी एकमेकांना पाठवायच्या निरोपांवर. आपल्या कार्डाला हे चांगलं लागू पडतं. आरतीच्या कार्डातला आकडा उचलून त्यातून तीन वजा करून परत ठेवायचा, हे बाहेरच्या कोडचं कामच नाही. कार्डाला सांगायचं, काप. खाडा आहे का, शिल्लक पुरते का, हे कार्ड बघेल.

यावर चाणाक्ष वाचक विचारतील: पण आरती.शिल्लक = ५०० असं लिहिलं तर? पायथन मुकाट्याने ५०० ताटं देऊन टाकेल. जावात शिल्लक प्रायव्हेट ठरवली की बाहेरून असं लिहिणारा कोड कंपाइलच होत नाही. पायथनमध्ये असं कुलूप नाही. नावाआधी एक अंडरस्कोर देऊन _शिल्लक असं लिहायचं. त्याचा अर्थ, हे आतलं आहे, हात लावू नका. लावलाच तर परिणाम तुमचे. काहींना हा भोंगळपणा वाटतो. मला वाटत नाही. आपल्या मित्राला अडवायला सहसा पाटी पुरते, आणि पाटी ओलांडून शिरणारी ओळ फाइलमध्ये शोधायलाही सोपी जाते.

इनहेरिटन्सबद्दल आज एक शब्दही नाही, आणि हे मुद्दाम. क्लास शिकला की दुसऱ्याच दिवशी लोक एकाखाली एक क्लासची उतरंड रचायला बसतात. आधी एक क्लास धड जमू द्या.

पुढच्या गुरुवारपर्यंत दोन कामं. आरतीने ८ तारखेचा खाडा टाकला, पण ऐन वेळी तिचा भाऊ आला आणि मेसमध्ये एकटाच जेवून गेला. आपला कोड तारीख खाड्यांत सापडली की लगेच परत फिरतो, त्यामुळे भावाचं ताट फुकटात गेलं. ते वसूल करा, पण आरतीचं कापू नका. दुसरं: दिवसाला दोन जेवणं असतात आणि आपण खाडा नुसत्या तारखेवर टाकतोय. फक्त रात्रीचा खाडा टाकता आला पाहिजे. दोन्ही दुरुस्त्या क्लासच्या आतच करायच्या. मेसकार्ड वापरणारी बाहेरची एखादी ओळ बदलावी लागली, तर ती का बदलावी लागली हे वहीत लिहून ठेवा. पुढचा भाग त्यावरच आहे.