मोरीचं पाणी कर्दळीच्या वाफ्यात



घरोघरी नळ आले, तसं मोरीमागचं डबकंही वाढलं. माणशी रोज 55 लिटर पाणी धरलं तर पाच जणांच्या घरातून 200 लिटरच्या आसपास सांडपाणी निघतं. मुरमाड जमिनीत शोषखड्डा ते आरामात पितो. नांदेड जिल्ह्यातलं टेंभुर्णी गाव अशाच खड्ड्यांमुळे डासमुक्त म्हणून ओळखलं गेलं. पण आपल्या काळ्या जमिनीत पाणी लवकर जिरत नाही, पावसाळ्यात खड्डा तुंबतो. इथे *कर्दळीचा वाफा* बरा.

7 फूट लांब, 3 फूट रुंद, 2 फूट खोल चर घ्या. आत शेततळ्याचा उरलेला कागद अंथरा आणि खडी भरा. दोन्ही टोकांना मोठे दगड. माती अजिबात नको. खडीत फूट-फूट अंतरावर कर्दळीचे कंद लावा. पाणी एका टोकाने आत, दुसऱ्या टोकाने बाहेर. बाहेरचा पाईप खडीच्या वरच्या थरापेक्षा दोन-तीन इंच खाली बसवा, म्हणजे पाणी उघडं राहत नाही. मग डास अंडी घालणार कुठे? एवढ्या चरात पाणी साधारण दोन दिवस थांबतं. तेवढ्यात खडीला चिकटलेले जीवाणू घाण खातात, कर्दळीची मुळं त्यांना थोडीफार हवा पुरवतात. कल्चर विकत घेऊ नका, हे जीवाणू सांडपाण्यातच असतात. पहिले काही आठवडे मात्र पाणी गढूळच येईल.

*वाफा बंद पडतो तो तेलकटपणा आणि खरकट्याने.* म्हणून मोरी आणि वाफ्याच्या मध्ये झाकणाचा जुना ड्रम हवाच. तोंडाला जाळी लावा. बाहेर जाणाऱ्या पाईपाचं ड्रममधलं तोंड खाली वळवा, म्हणजे वरची साय आतच राहते. दर आठ-पंधरा दिवसांनी साय आणि गाळ काढून उकिरड्यावर टाका. हे काम कोणाचं, ते घरात आधीच ठरवा. (नाहीतर ते आपोआप बायकांवरच येतं!)

निघालेलं पाणी केळी, नारळ, शेवग्याला द्या. कोथिंबीर, मुळा, पालकाला नको, त्यात जंतू राहतात. कपड्यांच्या सोड्याने काळी जमीन कडक होते, म्हणून आळी बदलत राहा. संडासाचं पाणी यात कधीच सोडू नका. विहीर-बोअरपासून निदान 50 फूट लांब राहा.

आणि डेंग्यूचा डास साठवलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. वाफा केला तरी रांजण, टाकी आठवड्यातून एकदा कोरडी करायचीच.

चर खणण्याआधी जागेचा फोटो ग्रुपवर टाका, उतार कुठे द्यायचा ते सांगू.