कळ आणि तिचा अर्थ

ब्राउझरमध्ये एक रिकामी चौकट मांडून, तिच्यात घडणाऱ्या प्रत्येक घटनेची नोंद खाली उमटत राहील अशी तजवीज करून, मी कितीतरी वेळा नुसता कळा दाबीत बसलो आहे. आणि बोट खाली जाताना होणारी ‘कीडाउन’ व बोट उचलताना होणारी ‘कीअप’ या दोन नोंदींच्या आड यंत्र, भाषा आणि मनुष्याचा हेतू यांचा केवढा गुंता दडलेला असतो, याचा प्रत्यय मला त्या नोंदी वाचतानाच आला.

जुना शिरस्ता क्रमांकांचा होता. एंटर म्हणजे 13, एस्केप म्हणजे 27, बाणांच्या चार कळा 37 ते 40; ‘कीकोड 13 असेल तर अर्ज दाखल करावा’ अशा धर्तीचे हुकूम प्रोग्रामर लिहीत, आणि पुढे तो मजकूर हाती येणाऱ्याला त्या 13 चा अभिप्राय शोधावा लागे. त्यातही एकवाक्यता नव्हती : अर्धविरामाची कळ फायरफॉक्सच्या दप्तरी 59, तर क्रोमच्या दप्तरी 186. पुढे कळेचे नावच सांगणारा ‘की’ हा गुणधर्म रूढ झाला, आणि व्ह्यूसारख्या प्रोग्रामिंगच्या चौकटींनी ‘कीअप.एंटर’ एवढे लिहिले की काम भागावे अशी सुटसुटीत लेखनपद्धती दिली. 2020 साली आलेल्या व्ह्यूच्या तिसऱ्या आवृत्तीने तर क्रमांक लिहिण्याची मुभाच काढून घेतली, आणि ते उत्तम झाले.

परंतु संक्षेप साधला म्हणजे स्पष्टता साधलीच, असे नव्हे. पुढील नोंदीकडे जाण्यासाठी ‘जे’ ही कळ योजण्याची चाल पुष्कळ ठिकाणी आहे. मराठी इनस्क्रिप्ट हा कळफलक चालू ठेवून मी तीच कळ दाबली तेव्हा ‘की’ने ‘र’ असे उत्तर दिले, आणि ‘जे’ची वाट पाहणारा हुकूम स्वस्थ राहिला; त्याच क्षणी ‘कोड’ हा दुसरा गुणधर्म मात्र, भाषा कोणतीही असो, ‘कीजे’ म्हणून त्या कळेची जागा अचूक सांगत होता. लिहिणाऱ्याला अक्षर हवे आहे की जागा, हे त्याला सहज सांगता यावे, ही सोप्या लेखनपद्धतीची पहिली कसोटी मी मानतो.

जपानी लेखनाची गोष्ट याहून नाजूक आहे. तेथे उच्चारानुसार टंकलेल्या मजकुराचे कांजी लिपीत रूपांतर होते, आणि ते पक्के करण्यासाठी एंटरच दाबतात; ‘कीडाउन.एंटर’वर विसंबलेली संदेशाची चौकट त्या एंटरला पाठवणीची आज्ञा समजून अर्धवट वाक्य रवाना करते. असे रूपांतर, म्हणजेच रचना, चालू असल्याची खूण ‘इझकंपोझिंग’ या गुणधर्मात मिळते खरी, पण सफारीत रचना संपल्याची घटना त्या एंटरच्या कीडाउनच्या आधीच येत असल्याने ती खूण तोवर पुसली गेलेली असते, आणि मग ज्याला आपण निवृत्त केले त्या कीकोडचाच 229 हा अंक पाहावा लागतो. असली खबरदारी प्रत्येक प्रोग्रामरच्या माथी मारण्याऐवजी लेखनपद्धतीने ती आपल्या पोटात घ्यावी, असे माझे ठाम मत आहे.

तीच गोष्ट जोडकळांची. व्ह्यूमध्ये कंट्रोल आणि एस यांच्यासाठी लिहिलेला हुकूम शिफ्टही दाबलेली असताना चालतो. तो रोखायचा तर ‘एक्झॅक्ट’ हा शब्द जोडावा लागतो. माझ्या मते काटेकोरपणा हाच मूळ नियम असावा, आणि सवलत हवी असेल त्याने ती शब्दांत मागावी.

अशा लेखनपद्धतीचा मसुदा कायम करणाऱ्यांना माझी विनंती आहे की, त्यांनी त्यापूर्वी एकदा इनस्क्रिप्ट आणि एकदा जपानी टंकलेखन चालू करून आपलाच अर्ज आपल्या हाताने भरून पाहावा.