कर्ता कोठें गेला?

गिरगांवांत किंवा दादरला एखाद्या घरीं मूल संध्याकाळीं इंग्रजीचा अभ्यास घेऊन बसलें, कीं एक प्रश्न हमखास निघतो : पॅसिव्ह व्हॉइस म्हणजे काय? घरांतलें वडील माणूस चटकन् सांगतें, "अरे, तो आपला कर्मणि प्रयोग!" उत्तर सोपें आहे, पण तें पुरतें खरें नाहीं, आणि पुढचा सारा घोटाळा तेथूनच सुरू होतो.

दादोबा पांडुरंग तर्खडकरांच्या १८३६ च्या व्याकरणापासून मोरो केशव दामल्यांच्या १९११ च्या 'शास्त्रीय मराठी व्याकरणा'पर्यंत आपल्या वैयाकरणांनीं प्रयोगविचारावर पुष्कळ परिश्रम केले. मराठींत प्रयोग ओळखावयाचा तो क्रियापदाच्या रूपावरून. 'रामानें आंबा खाल्ला', 'रामानें चिंच खाल्ली'. आंब्याच्या जागीं चिंच येतांच क्रियापद बदललें. तें कर्माच्या मागें गेलें, म्हणून हा कर्मणि प्रयोग. परंतु हेंच वाक्य इंग्रजींत 'राम एट अ मँगो' असें होतें, आणि तें स्वच्छ अ‍ॅक्टिव्ह व्हॉइस आहे!

इंग्रजीचा प्रश्न निराळा. वाक्याच्या मानाच्या जागीं कोण बसला आहे, कर्ता कीं कर्म? कर्म तेथें बसलें, कीं झाला पॅसिव्ह : 'द मँगो वॉज ईटन बाय राम'. त्याला जवळचें मराठी म्हणजे 'आंबा रामाकडून खाल्ला गेला'.

सराव करतांना तीन गोष्टी पाहाव्या. पहिली, वाक्यांत कर्म आहे काय? 'राम स्लेप्ट' यांत कर्म नाहीं, म्हणून त्याचा पॅसिव्ह होत नाहीं. दुसरी, काळ 'बी' या धातूच्या रूपांत उतरवावा : 'ईट्स'चें 'इज ईटन', 'एट'चें 'वॉज ईटन', 'विल ईट'चें 'विल बी ईटन'. तिसरी, कर्ता सांगण्याची गरज आहे काय? असेल तर 'बाय' लावून शेवटीं सांगावा. नसेल तर गाळावा.

ही तिसरी गोष्ट केवळ परीक्षेपुरती नाहीं. १८ जानेवारी १९८२ रोजीं मुंबईच्या कापड-गिरण्यांत मोठा संप सुरू झाला, आणि त्यानंतर लालबाग-परळच्या कित्येक गिरण्या पुन्हा पूर्वीसारख्या चालल्याच नाहींत. अशा एखाद्या गिरणीची हकीकत तीन तऱ्हांनीं सांगतां येईल. 'गिरणी बंद पडली' : जणूं पावसानें भिंत पडावी तशी. 'गिरणी बंद करण्यांत आली' : येथें कोणाचा तरी हात आहे, पण तो पडद्याआड, हाच इंग्रजी पॅसिव्हचा मराठी सोबती. 'मालकांनीं गिरणी बंद केली' : येथें कर्ता उघड समोर उभा आहे. आणि गंमत अशी, कीं आपल्या व्याकरणानें कर्मणि प्रयोग आहे तो हाच! कोणतें वाक्य कोणत्या गिरणीला लागू पडतें, तें इतिहासानें ठरवावें. आपण कोणतें वाक्य वाचीत आहों, एवढें मात्र वाचकाला कळलें पाहिजे.

याचा अर्थ पॅसिव्ह वाईट, असा नव्हे. सायकल चोरीस गेली आणि चोर ठाऊक नसला, तर पॅसिव्हसारखी सोय दुसरी नाहीं. कर्ता ठाऊक असून तो गाळला जातो, तेथें मात्र सावध राहावें.

तेव्हां उद्यां सकाळीं मुलांना इंग्रजी वर्तमानपत्रांतून पॅसिव्हचीं पांच वाक्यें शोधावयास सांगा, आणि प्रत्येकापुढें एकच प्रश्न लिहावयास लावा : "कोणी?" ज्याला हा प्रश्न सुचूं लागला, त्याला पॅसिव्ह व्हॉइस आला असें खुशाल समजावें.