जमाखर्चाच्या वहीशेजारी एक पुस्तक

कार्तिक शुद्ध पंचमी ही व्यापाऱ्यांची लाभपंचमी आणि त्याच तिथीला ज्ञानपंचमीही. दिवाळीनंतर दुकानाचे दार त्या दिवशी उघडते आणि घरातील ग्रंथांचे पूजनही त्याच दिवशी होते. पूजन आटोपले की ग्रंथ कपाटात जातात व नववी-दहावीतील मुले क्लासच्या नोट्सकडे वळतात. दोन-चार वर्षांत यांतील कोणी पेढीवर बसेल, कोणी शिक्षणासाठी परगावी जाईल. त्याआधी त्यांच्या हाती काय द्यावे, असा प्रश्न निघाला की बहुतेक पालक एखाद्या यशस्वी उद्योगपतीचे चरित्र सुचवतात.

अशी चरित्रे अवश्य वाचावीत. परंतु यश कसे दिसते हे पंधरा वर्षांच्या मुलाला ठाऊक असते. अपयश कसे सोसावे, हे त्याला सहसा कोणी सांगत नाही. माल अडकला, उधारी बुडाली, भागीदार फिरला, की मोठ्यांची बोलणी मुले खोलीत येताच थांबतात. पुढे स्वतःवर तसा प्रसंग आला म्हणजे त्या मुलाला वाटते, आपल्या कुळात असे कधी घडलेच नाही. घरात जे बोलले जात नाही, ते चांगले पुस्तक बोलते.

या दृष्टीने पहिले नाव बनारसीदासांच्या ‘अर्धकथानका’चे घ्यावे लागते. जौनपूरला १५८६ मध्ये जन्मलेल्या या जैन व्यापाऱ्याने १६४१ मध्ये, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, आग्ऱ्यात आपले आत्मचरित्र पद्यात लिहिले. मनुष्याचे आयुष्य एकशेदहा वर्षांचे मानून त्याने आपल्या कथेला ‘अर्धी’ म्हटले. वडिलांनी विश्वासाने दिलेला माल घेऊन तो आग्ऱ्याला गेला आणि व्यापारात बुडाला. जवळची रत्नेही हरवली. हाती पैसा उरला नाही तेव्हा एका कचोरीवाल्याकडे तो कित्येक महिने उधारीवर जेवला. आपली स्थिती त्याने त्या दुकानदारापासून लपवली नाही आणि दुकानदारानेही उधारी थांबवली नाही. ग्रंथाच्या अखेरीस बनारसीदास स्वतःचे गुण आणि दोष दोन्ही मांडतो, जणू जमा आणि नावे. मूळ भाषा जुनी असली तरी हिंदी व इंग्रजी अनुवाद मिळतात.

दुसरे पुस्तक महात्मा गांधींचे ‘सत्याचे प्रयोग’. ते जाड आहे म्हणून मुले बिचकतात. त्यांना सुरुवातीला निवडक प्रकरणे द्यावीत. भावाच्या कड्यातील सोने चोरल्याची वडिलांजवळ लिहून दिलेली कबुली, मुंबईच्या न्यायालयात पहिल्याच खटल्यात तोंडून शब्द न फुटल्याने परत केलेली फी आणि रायचंदभाईंवरील प्रकरण. हिरे-मोत्यांचा लाखोंचा सौदा संपताच हा जवाहिऱ्या धर्मग्रंथ किंवा स्वतःची वही उघडत असे, असे गांधीजी लिहितात.

तिसरे, लक्ष्मीबाई टिळकांचे ‘स्मृतिचित्रे’. लग्नानंतर लिहायला-वाचायला शिकलेल्या या स्त्रीने पतीचे धर्मांतर, त्यानंतरचा वियोग आणि दारिद्र्य एवढ्या विनोदाने सांगितले आहे की वाचता वाचता हसू आणि हुंदका एकत्र येतात. ते केवळ मुलींसाठी मानू नये. घरातील स्त्रीने काय काय सोसलेले असते, हे मुलांनाही कळायला हवे.

पुस्तक देण्याचीही एक रीत असते. प्रथम ते पालकाने स्वतः वाचावे. ‘हे वाच, सुधारशील’ असे म्हणून दिलेले पुस्तक मुले उघडत नाहीत. ‘मला यातला कचोरीवाला फार आवडला’ असे सांगून दिले तर निदान तेवढे पान शोधतात. पन्नास पाने वाचूनही गोडी लागली नाही तर ते बाजूला ठेवण्याची मुभा असावी. वाचून झाल्यावर प्रश्नपत्रिका काढू नये. रात्री दुकान वाढवून आल्यावर वडिलांनी स्वतःच्या एखाद्या फसलेल्या सौद्याची गोष्ट सांगावी. कोणाची उधारी कशी फेडली, तेव्हा कोण पाठीशी उभे राहिले, हेही सांगावे.

त्या रात्री मुलगा कदाचित काहीच बोलणार नाही. पण पुढे कधी त्याच्या हातून नुकसान झाले, तर ते लपवण्याऐवजी तो घरी येऊन सांगेल. व्यापारी घराला याहून मोठा लाभ तो कोणता?