ऐंशीनंतर गर्भाशयाचा कॅन्सर: ‘आता या वयात कशाला?’ म्हणण्याआधी काय विचारायला हवं?

पाळी जाऊन तीस-पस्तीस वर्षं झालेली आजी. एक दिवस तिच्या कपड्यांवर रक्ताचा डाग दिसतो. ती तो गुपचूप धुऊन टाकते. काही दिवसांनी पुन्हा तेच होतं. मग कधीतरी सुनेच्या किंवा नातीच्या लक्षात येतं. तपासण्या होतात आणि रिपोर्ट येतो: गर्भाशयाचा कॅन्सर.

त्यानंतर बऱ्याच घरांत दोन वाक्यं ऐकू येतात. ‘आता या वयात कशाला चिरफाड?’ आणि ‘आजीला काही सांगू नका.’

दोन्ही वाक्यं काळजीपोटीच येतात. पण त्यामुळे बरा होऊ शकणारा आजार कधी कधी उपचारांविना राहून जातो.

हा कॅन्सर नेमका कोणता?

गर्भाशयाचा कॅन्सर आणि गर्भाशयमुखाचा कॅन्सर हे दोन वेगळे आजार आहेत. गर्भाशयमुखाचा कॅन्सर प्रामुख्याने एचपीव्ही विषाणूमुळे होतो. गर्भाशयाचा कॅन्सर बहुतेक वेळा पिशवीच्या आतल्या अस्तरात सुरू होतो. स्थूलपणा, मधुमेह आणि वाढतं वय यामुळे त्याचा धोका वाढतो. २०२२ मध्ये जगभरात सुमारे ४ लाख २० हजार स्त्रियांमध्ये या कॅन्सरचं निदान झालं.

हा कॅन्सर सहसा लवकर खूण देतो. ही खूण म्हणजे पाळी गेल्यानंतरचा रक्तस्राव. या कॅन्सरच्या १० पैकी ९ स्त्रियांमध्ये हे लक्षण दिसतं. याचा अर्थ असा प्रत्येक रक्तस्राव कॅन्सरचाच असतो असं नाही. असा रक्तस्राव होणाऱ्या १०० पैकी साधारण ९ स्त्रियांमध्येच कॅन्सर सापडतो. पण अगदी एकदाच डाग दिसला, तरी तपासणी हवीच. आधी सोनोग्राफी आणि गरज पडली तर अस्तराचा छोटा तुकडा काढून बायोप्सी, एवढ्यावर बऱ्याचदा निदान होतं.

फक्त वय पाहून निर्णय का चुकतो?

कारण ८२ वर्षांच्या दोन स्त्रिया सारख्या नसतात. एक रोज देवळापर्यंत चालत जाते आणि स्वतःचा स्वयंपाक स्वतः करते. दुसरीला हृदयाचा त्रास आहे आणि अंथरुणातून उठायलाही आधार लागतो. जन्मसाल एकच असलं, तरी दोघींची उपचार सोसण्याची ताकद वेगळी आहे.

दुसरं कारण म्हणजे उतारवयात या कॅन्सरचे आक्रमक प्रकार जास्त आढळतात. ‘म्हातारपणी कॅन्सर हळूच वाढतो’ हा समज इथे अनेकदा खोटा ठरतो. शिवाय उपचार टाळल्याने त्रास टळतो असंही नाही. रक्तस्राव, अशक्तपणा आणि ओटीपोटातलं दुखणं वाढत जातं.

मग काय पाहायचं?

वयस्कर कॅन्सर रुग्णांसाठी ‘जेरियाट्रिक असेसमेंट’ नावाची तपासणी करतात. त्यात साध्या गोष्टी पाहतात. खुर्चीतून उठून तीन मीटर चालून परत येऊन बसायला किती वेळ लागतो? गेल्या काही महिन्यांत वजन घटलंय का? पडझड झाली का? रोज किती गोळ्या चालू आहेत? स्मरणशक्ती कशी आहे? घरी काळजी घ्यायला कोण आहे?

या तपासणीचा उपयोग होतो का? अमेरिकेत सत्तरी ओलांडलेल्या, वेगवेगळ्या प्रकारचा बळावलेला कॅन्सर असलेल्या ७१८ रुग्णांवर झालेला ‘गॅप ७०+’ हा अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांच्या डॉक्टरांना या तपासणीचे निष्कर्ष आणि शिफारशी दिल्या होत्या, त्या गटात ५१ टक्के रुग्णांना उपचारांचे गंभीर दुष्परिणाम झाले. दुसऱ्या गटात हे प्रमाण ७१ टक्के होतं. जगण्याचा काळ मात्र दोन्ही गटांत जवळपास सारखाच राहिला. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात वृद्ध कॅन्सर रुग्णांसाठी २०१८ पासून अशी वेगळी ओपीडी आहे.

ऑपरेशन झेपणार असेल तर?

पिशवी, बीजकोश आणि बीजनलिका काढणं हा मुख्य उपचार. आजार पिशवीपुरताच असेल, तर अनेक स्त्रिया यानेच बऱ्या होतात. दुर्बिणीतून ऑपरेशन केल्यास पोटावर मोठा छेद लागत नाही आणि घरी लवकर जाता येतं. मात्र त्यात पोटात वायू भरतात आणि डोक्याची बाजू खाली ठेवतात. हृदय किंवा फुप्फुसं कमजोर असतील, तर हे सोसत नाही. अशा वेळी काही जणींची पिशवी कमरेत इंजेक्शन देऊन योनीमार्गातून काढता येते.

ऑपरेशनआधीचे दिवसही महत्त्वाचे असतात. रक्त कमी असेल तर ते वाढवणं, आहारात प्रथिनं देणं, रोज थोडं चालवणं आणि नको असलेल्या गोळ्या बंद करणं यामुळे शरीर तयार होतं. ऑपरेशननंतर काही वृद्धांना दोन-चार दिवस भ्रम होतो. चष्मा आणि कानाचं यंत्र जवळ ठेवणं, ओळखीचं माणूस शेजारी असणं आणि लवकर चालायला लावणं, यामुळे हा धोका कमी होतो.

ऑपरेशननंतर सगळ्यांनाच पूर्ण ओटीपोटाचं रेडिएशन लागत नाही. नेदरलँड्समधल्या ‘पोर्टेक-२’ अभ्यासात ४२७ स्त्रिया होत्या. मध्यम ते जास्त धोका असलेल्या या स्त्रियांना योनीमार्गातून दिलेलं मर्यादित रेडिएशन तेवढंच परिणामकारक ठरलं. उपचारानंतर जुलाब आणि पोटाचा त्रास मात्र सुमारे ५४ टक्क्यांऐवजी १३ टक्के स्त्रियांनाच झाला. ऐंशीच्या आजीसाठी हा फरक मोठा आहे.

ऑपरेशन झेपणार नसेल तर?

तरीही पर्याय संपत नाहीत. पिशवी न काढता आतून आणि गरजेनुसार बाहेरून रेडिएशन देता येतं. कॅन्सर सौम्य प्रकारचा असेल, तर प्रोजेस्टेरॉनसारख्या हार्मोनच्या गोळ्या किंवा हार्मोन सोडणारी कॉपर-टीसारखी वस्तू पिशवीत बसवून तो काही काळ आटोक्यात ठेवता येतो. आजार खूप पसरला असेल, तर रेडिएशनच्या मोजक्या डोसांनी रक्तस्राव थांबवता येतो. बरं करणं शक्य नसलं, तरी दुखणं कमी करणं हाही उपचारच आहे.

खर्चाचं काय?

ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षांवरील प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान भारत योजनेत कुटुंबामागे वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचं संरक्षण मिळतं. त्यासाठी ‘आयुष्मान वय वंदना’ कार्ड काढावं लागतं. योजनेत असलेल्या रुग्णालयातच ते चालतं, त्यामुळे आधी चौकशी करून घ्यावी.

आजीला सांगायचं का?

आजार तिचा आहे, त्यामुळे निर्णयही तिचाच. लपवलं तरी बदललेले आवाज आणि हॉस्पिटलच्या फेऱ्या तिला कळतातच. फरक एवढाच की मग ती एकटीच घाबरते.

तिला किती माहिती हवी आहे, हे आधी तिलाच विचारता येतं. मग तिला काय महत्त्वाचं वाटतं, ते विचारावं. जास्त वर्षं जगणं? दुखू नये, एवढंच? की स्वतःच्या पायांवर फिरता येणं? या उत्तरांवर उपचारांची दिशा ठरू शकते.

सगळं समजून घेऊन ती ‘नको’ म्हणाली, तर तो तिचा हक्क आहे. पण तिला न विचारताच घरच्यांनी ‘नको’ म्हटलं, तर तो निर्णय तिचा राहत नाही. डॉक्टरांकडे जाताना ‘या वयात झेपेल का?’ याऐवजी ‘हिच्या तब्येतीला काय झेपेल?’ असं विचारून पाहा. आणि हा प्रश्न विचाराल तेव्हा आजी खोलीबाहेर बाकावर नको, तुमच्या शेजारच्या खुर्चीत असू द्या.