राजनेच्याचे कुल आणि मुंबईचा परिसर

ऑस्मुंडेसी हे नेच्यांचे एक अतिप्राचीन कुल होय. 2016 च्या जागतिक वर्गीकरणानुसार त्यात 6 प्रजाती व सुमारे 18 जाती आहेत. टोडिया व लेप्टॉप्टेरिस या प्रजाती मुख्यतः दक्षिण गोलार्धातील असून उरलेल्या चार मुख्यतः उत्तरेकडील आहेत. राजनेचा, म्हणजे ऑस्मुंडा रीगॅलिस, महाराष्ट्रात महाबळेश्वराच्या ओढ्यांकाठी आढळतो. भारतातील वनस्पतीस काही तज्ज्ञ ऑस्मुंडा ह्यूगेलियाना ही निराळी जाती मानतात.

ब्लॅटर व डी'आल्मेडा यांच्या ‘द फर्न्स ऑफ बॉम्बे’ (1922) या ग्रंथातील ‘बॉम्बे’ म्हणजे केवळ शहर नव्हे, तर तत्कालीन मुंबई इलाखा. त्यामुळे त्यात नोंदलेली प्रत्येक जाती शहरात असेलच असे नाही. मुंबईत वर्षाकाठी 2,000 मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. गिरगाव, परळ येथील जुन्या भिंतींवर पावसाळ्यात नेचे उगवतात. मग राजनेच्यास येथे ठाव का मिळू नये?

याचे उत्तर पावसाच्या एकूण मापात नसून पावसाळ्यानंतरच्या ओलाव्यात आहे. राजनेच्याच्या जाड मूलक्षोडास बारमाही ओली, आम्लधर्मी जमीन लागते. महाबळेश्वराच्या जांभ्या खडकात मुरलेले पाणी झऱ्यांवाटे ओढ्यांत उतरते आणि त्यांचे काठ ओले राहतात. शहरातील भिंती मात्र ऑक्टोबरपासून सुकू लागतात; शिवाय त्यांतील चुना अल्कधर्मी असतो. म्हणूनच तेथे टेरिस व्हिट्टाटा हा चुनाप्रिय नेचा नांदतो. खाडीकाठच्या दलदलीत ओलावा असतो, परंतु पाणी खारट असल्याने ती जागा ॲक्रोस्टिकम ऑरियम या नेच्याची ठरते.

दुसरे कारण बीजुकांचे. या कुलातील बीजुके हरितद्रव्ययुक्त, म्हणून हिरवी असतात. ती त्वरित रुजतात. मात्र सामान्य तापमानात त्यांची रुजण्याची क्षमता काही दिवसांत वा आठवड्यांतच संपते. बीजुक वाऱ्याने दूर गेले, तरी योग्य ओली जागा त्वरित न मिळाल्यास गंतुकधारी निर्माण होत नाही. याउलट, हरितद्रव्यहीन बीजुके सामान्यतः दीर्घकाळ टिकतात.

यावरून संरक्षणाच्या दृष्टीने एक महत्त्वाचा निष्कर्ष निघतो. मूलक्षोड दीर्घायुषी असल्याने जुनी झुडपे उभी दिसतात. परंतु ओढ्याचा उन्हाळी ओलावा तुटल्यास नवी पिढी रुजत नाही, आणि ती उणीव भरून काढण्यास जमिनीत बीजुकांचा दीर्घकाळ टिकणारा साठाही नसतो. म्हणून राजनेच्याचे रक्षण म्हणजे प्रथमतः झऱ्याचे रक्षण होय.